दुसऱ्यांचा मी

"बाई गं, हे काय काचेचं कपाट! इथे दोन माणसं बसवायची आहेत की लोणच्याच्या दोन बरण्या?"

ती हे स्वतःशीच पुटपुटली होती. पण समोरच्या माईकचा लाल दिवा लागलेला होता आणि ते तिला दिसलं नव्हतं. खाली सभागृहात कानांना हेडफोन लावून बसलेले वकील एकदम माना वर करून बघायला लागले. चौकशी आयोगाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी चष्मा काढला. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून एक हात आला, त्याने तिचं बटण बंद केलं, आणि आपला माईक चालू करून तो माणूस अगदी गंभीर आवाजात म्हणाला,

"क्षमा असावी. हे वाक्य साक्षीदाराचं नव्हतं."

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. तिथे किती दिवसांनी कुणी हसलं असेल, देव जाणे. कारण चौकशी होती ती एका बुडालेल्या मालवाहू बोटीची. बंदर नजरेच्या टप्प्यात असताना ती बोट गेली होती, आणि तिच्या पोटात काम करणारी माणसं तिच्याबरोबर गेली होती. साक्षीला येणारे बहुतेक लोक किनाऱ्यावरचे. त्यांची भाषा वकिलांना येत नव्हती. म्हणून वर, भिंतीला चिकटवलेल्या त्या काचेच्या खोलीत दोन दुभाषी बसवले होते. आधीची दुभाषी आजारी पडली, म्हणून तिला बोलावणं आलं, आणि पहिल्याच दिवशी तिने ही शोभा करून घेतली.

"नवीन आहात," तो माईक बंद करून म्हणाला.

"आता सगळ्यांनाच कळलं ते."

"बरणीत स्वागत आहे," तो म्हणाला, आणि त्याने आपली पाण्याची बाटली सरकवून तिच्या कोपराला जागा करून दिली.

दोघांनी आळीपाळीने बोलायचं, असं काम होतं. एकजण बोलत असला की दुसऱ्याने शेजारी बसून आकडे आणि नावं कागदावर टिपून द्यायची. दारावरच्या शिपायाने दोन दिवसांत त्यांचं नाव 'राघू-मैना' पाडलं. तीही मग त्याला राघू म्हणायला लागली. तो मात्र तिला मैना म्हणाला नाही. त्याच्या भाषेत ती 'बरणीवाल्या बाई' झाली होती.

या कामाचा एक नियम कडक होता. साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. 'तो म्हणतो की त्याने पाहिलं' असं नाही. 'मी पाहिलं.'

"दिवसभर मी मी करतो," जिन्यात चहा पिताना तो एकदा म्हणाला. "लोकांना वाटत असेल, केवढा अहंकारी माणूस! पण त्यातला एकही मी माझा नाही."

"मग तुमचा कुठे असतो?"

"खाली छत्र्या ठेवतात ना, तिथे अडकवून वर येतो. जाताना घेऊन जातो. परवा विसरलो."

"मग?"

"आईने विचारलं, जेवलास का? मी म्हटलं, साक्षीदाराला आठवत नाही."

ती इतकी हसली की चहा बाहीवर सांडला. त्याने रुमाल पुढे केला… पण हात मात्र तिच्या मनगटाच्या जरा अलीकडेच थांबवला. तिला ते थांबणं दिसलं.

"आपण राहता कुठे?" त्याने विचारलं.

"एवढं 'आपण' नको हो. अध्यक्षांना म्हणा."

"छान शब्द आहे तो. 'आपण कोण' म्हटलं की तुम्ही कोण, असं अदबीने विचारलं जातं. आपण दोघं एकमेकांचे कोण, असंही होतं. आणि एकट्याने खिडकीत बसून विचारलं, तर साधुसंतांचा प्रश्न होतो."

"तुम्ही यांतलं कुठलं विचारताय?"

"दुभाष्याने अर्थ लावायचा नसतो, बाई. नुसता पोचवायचा."

आणि तो जिना चढून वर निघून गेला… तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

पण ते जिन्यातलं झालं. काचेत बसलं की हसू पार विझून जायचं. एका दुपारी तिच्या पाळीला एक बाई साक्षीला उभी राहिली, आणि तिला म्हणावं लागलं, "मी नवऱ्याला मोज्यावरून ओळखलं. टाच मीच शिवून दिली होती. तोंड बघू नका म्हणाले, म्हणून मी नुसती टाच बघितली." आवाज हलू न देता तिने हे सगळं पोचवलं. पाळी संपल्यावर हेडफोन काढला, तेव्हा बोटं आपली वाटेनात. आपल्याला नवरा नाही, आपण कुणाचा मोजा शिवला नाही, हे तिला मुद्दाम आठवावं लागलं.

तो तिला खाली घेऊन आला. बंदराकडून बोचरं वारं येत होतं.

"माझ्याकडे बघ," तो म्हणाला. 'बघा' म्हणायचं तो विसरला, की विसरला नव्हता… "मी असलेलं एक वाक्य बोल. खरं आणि तुझं."

"येत नाहीये."

"साधं बोल. कसलंही."

"मी… मी चहात साखर फार घालते."

"पोचलं. आणखी एक."

"मी घाबरलेय."

"हेही पोचलं." या वेळी त्याचा हात अलीकडे थांबला नाही. "आपल्याकडे साक्षीदार वेगळा आणि साक्षी वेगळा. साक्षीदार बोलतो. साक्षी नुसता आत बसून बघतो, त्याला काही चिकटत नाही म्हणतात. मी त्याच्या भरवशावर हे काम करतो."

"तुला भेटलाय तो?"

"अजून नाही," तो म्हणाला, आणि हसला नाही.

त्यानंतर संध्याकाळी दोघं बंदराच्या भिंतीवरून लांबच्या रस्त्याने चालत जायला लागली. घर जवळ आलं की दोघांचीही पावलं मंद व्हायची. बोलणं बहुतेक शब्दांवरून चालायचं, चिडवाचिडवी व्हायची, आणि मधेच दोघंही गप्प व्हायची. त्या गप्प होण्याला मात्र दोघांपैकी कुणीही शब्द शोधला नाही.

मग बोटीच्या यंत्रखोलीतला मिस्त्री साक्षीला आला. वाचलेल्यांपैकी तो एक. पाळी राघूची होती आणि ती शेजारी बसून टिपत होती. मिस्त्री खाली मान घालून तुटक बोलत होता. पाणी कसं शिरलं, बोट कशी कलली. खालच्या कोठीचं लोखंडी दार लावलं तर बोट थोडा वेळ तरेल, वरची माणसं तरी निघतील, असा हुकूम वरून आला होता.

"मी दार लावलं," राघू म्हणाला. "आतून हाका येत होत्या. मी खिट्टी घातली."

"आत कोण होतं?" वकिलाने विचारलं.

मिस्त्रीने आधी ठाऊक असलेली नावं घेतली. मग म्हणाला, त्यात एक नवा पोरगा होता. दुसऱ्याच्या नावावर कामाला चढलेला. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

हे वाक्य काचेच्या खोलीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. राघूचे ओठ उघडे होते, आवाज नव्हता. खाली वकील हेडफोनवर टिचक्या मारून बघायला लागले. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, आणि आपला माईक चालू करून ते वाक्य पोचवलं. पुढची सगळी साक्ष तिनेच पोचवली. तो शेजारी बसून होता, पुढ्यातला कागद कोराच होता.

जिन्यात तो पायरीवर बसला.

"धाकटा भाऊ माझा. वय बसत नव्हतं, म्हणून एका ओळखीच्याच्या ओळखपत्रावर गेला. सकाळी मला फोन करून म्हणाला, आजपासून मी मी नाही, हसत होता… मेलेल्यांत त्या ओळखीच्याचं नाव लागलंय. तो जिवंत आहे, कुठेतरी तोंड लपवून. आणि माझी आई म्हणते, मेला तो दुसराच, आपला नव्हे. रोज त्याचं ताट वाढते."

"आणि तू हे काम का घेतलंस?"

"कुणीतरी कधीतरी त्याचं काही सांगेल म्हणून. दुसरं कुठे ऐकायला मिळणार होतं मला?"

ती त्याच्या शेजारी बसली. जवळ घ्यावं असं फार वाटलं. पण म्हणाली, "हे तुला सांगावं लागेल. आयोगाला."

"सांगितलं तर मी पोचवलेल्या सगळ्या साक्षींवर शंका घेतील. त्या मोजेवाल्या बाईसारख्या सगळ्यांना परत उभं करतील."

"आणि नंतर कुणाला कळलं तर सगळंच जाईल. भाऊही दुसऱ्याच्याच नावाने मेलेला राहील."

दुसऱ्या दिवशी तो अध्यक्षांकडे गेला आणि सगळं सांगून आला. त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. अध्यक्षांनी ठरवलं, साक्षीदारांना इतक्यात परत बोलवायचं नाही. आधी त्याची सगळी ध्वनिमुद्रणं मूळ साक्षीशी ताडून बघायची. किनाऱ्याची भाषा येणारी आणि कामकाज माहीत असलेली दुभाषी आता ती एकटीच होती, म्हणून ते काम तिच्याकडे आलं. ताडणी पुरी होईपर्यंत त्याला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, असं तिच्याकडून लिहून घेतलं.

मग सुरू झाले ते दिवस कुणाला सांगून समजणार नाहीत. तळमजल्यावरच्या एका खोलीत ती एकटी बसायची. एका कानात साक्षीदार, दुसऱ्या कानात तो. त्याचा श्वास, वाक्य सुरू करण्याआधीचं किंचित थांबणं, अवघड शब्दाला घासलेला आवाज… प्रेमात पडलेल्या माणसाने जे चोरून ऐकावं, ते तिला हुकमाने ऐकावं लागत होतं, आणि वर त्यात खोट शोधायची होती. बोटीत जास्तीचा माल भरलाच नव्हता, असं बोटीच्या मालकाने धडधडीत खोटं सांगितलं होतं, ते राघूने तसंच्या तसं, त्याच बेफिकीर सुरात पोचवलं होतं. भाऊ ज्याच्या लोभापायी गेला त्या माणसासाठीही तो प्रामाणिकपणे 'मी' म्हणाला होता. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून यायचे. ती पुसायची आणि पुढे ऐकायची.

शेवटी मिस्त्रीची साक्ष आली. मिस्त्री म्हणत होता, "मी दार लावलं. आतून ओरडत होते. मी खिट्टी घातली."

राघूचा आवाज म्हणाला, "मी दार लावलं. आतून हाका येत होत्या. मी खिट्टी घातली."

तिने मागे नेऊन परत ऐकलं. शेजारी बसली असताना हे तिच्या कानांतून निसटलं होतं. ओरडणारा माणूस मरतोय, हे ऐकणाऱ्याला कळतं. हाक काय, कुणी कशालाही मारतं. त्या एका शब्दाने मिस्त्रीचा गुन्हा हलका होत होता.

कुणालाही कळलं नसतं. तिला नुसतं पुढे जायचं होतं. ती बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसली. मग तिने ते नोंदवलं, आणि खाली सही केली.

तेवढा एक शब्द बदलून बाकी सगळं कामकाज अध्यक्षांनी कायम केलं. कुणालाही परत साक्षीला यावं लागलं नाही. दुसऱ्याच्या नावावर बोटीवर चढलेला तो मुलगा राघूचा भाऊच होता, हे मान्य झालं आणि मेलेल्यांच्या यादीत त्याचं खरं नाव लागलं. मात्र राघूला यापुढे कुठल्याही न्यायालयात दुभाष्याचं काम करता येणार नव्हतं.

ती त्याला बंदराच्या भिंतीवर भेटली. तो वाळला होता.

"मीच लिहून दिलं ते," ती म्हणाली. "तुझं काम माझ्यामुळे गेलं."

"एवढ्या महिन्यांत तो एकच शब्द माझा होता," तो म्हणाला. "मिस्त्रीला वाचवायला नाही बदलला. भाऊ ओरडला, असं माझ्या तोंडून निघेना." मग म्हणाला, "तू लिहिलं नसतंस तर मला तुझी भीती वाटली असती. आता माझं एक काम करशील? आईला अजून सांगितलं नाहीये. मला जमत नाही. तू सांग. तुला सवय आहे."

त्याचं घर एका शिंप्याच्या दुकानावर होतं, दोन खोल्यांचं. आई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. तिने पाहुणीला बसायला सांगितलं, पाणी दिलं. राघूने पाहुणीकडे पाहिलं. सगळी वाक्यं तिच्या जिभेवर तयार होती. पण तिने मान हलवली.

"नाही," ती हळूच म्हणाली. "हा मी तुझा आहे. दुसऱ्या कुणाला म्हणता येणार नाही."

तो आईसमोर जमिनीवर बसला. "आई, मी चौकशीत ऐकलं. धाकटा त्या बोटीवर होता. तो गेला."

आईचे हात थांबले. "नाव तर दुसऱ्याचं आहे."

"आता त्याचं लागलंय."

आईने हातातली अर्धी सोललेली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "त्याने मला हाक मारली का रे?"

"तो ओरडत होता, आई," तो म्हणाला. "काय ते ऐकू आलं नाही."

खाली शिवणयंत्र चालू होतं. आईने हात पुढे केला, तो जवळ बसलेल्या पाहुणीच्या हातात पडला, आणि तिने तो घट्ट धरला. किती तरी वेळाने आईने त्या हाताकडे पाहिलं.

"ही कोण?"

"माझ्याबरोबर काम करायची."

"एवढ्यासाठी इथवर आली?"

"मला हिच्याशी लग्न करायचंय," तो म्हणाला. "तिला अजून विचारलं नाहीये."

"मग तिच्याकडे तोंड करून बोल. मला काय सांगतोस?"

तो वळला. "मी…" म्हणाला आणि अडला. ती मदतीला गेली नाही. ओठ घट्ट मिटून वाट बघत राहिली.

"मी तुझ्याशिवाय राहू शकत नाही, असं नाही," तो म्हणाला. "राहीन मी कसातरी. पण मला तुझ्याबरोबर राहायचं आहे."

"हो," ती म्हणाली. "मलाही."

आणि आई तेव्हा रडायला लागली. मोठ्याने, भान सोडून, इतके दिवस अडवून धरलेलं सगळं. खालचं शिवणयंत्र थांबलं. वाटाणे जमिनीवर सगळीकडे घरंगळले. ते उचलायला कुणी उठलं नाही. दोघं तिच्या दोन बाजूंना बसून राहिली, आणि खोलीतला उजेड कमी होत गेला.