गुरुवारचा दौलतमामा

रेडिओवर माणूस टिकतो कसा, असं मला पुष्कळजण विचारत. मी ऐटीत सांगायचो, "कान उघडे ठेवायचे." खरी गोष्ट अशी की १९५५ च्या दिवाळीपर्यंत माझी विहीर पार आटली होती.

दर गुरुवारी संध्याकाळी मी दौलतमामा व्हायचो. दौलतमामा म्हणजे गिरणीतून निवृत्त झालेला, चाळीच्या गॅलरीत बसून जगाला शहाणपण शिकवणारा म्हातारा. लिहायचो मी आणि बोलायचोही मीच. मी गिरगावातला पाठारे प्रभू, अच्युत कोठारे. गिरणी आतून कधी पाहिलेली नाही. पण पंधरा मिनिटं लाल दिवा लागला की मामा आपला आपण बोलायचा. मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागे, आणि त्याबाहेर एक शब्द काढायची सोय नव्हती. कार्यक्रम थेट जायचा, त्यामुळे मामाला रेडिओवर मी स्वतः कधीच ऐकलं नव्हतं.

म्हणून शुक्रवारी मी लालबागला जायचो. तिथल्या एका चाळीत कोकणातल्या गिरणी कामगारांची गावकीची, म्हणजे एका गावच्या लोकांची सामायिक, खोली होती आणि त्या खोलीत रेडिओ होता. गिरणीच्या साचेखात्यात मागावर काम करणारा गणपत माझा खास श्रोता. तो कुठे हसला, कुठे जांभई दिली, हे त्याच्याकडून कळायचं.

त्या दिवाळीनंतर आमच्या कार्यक्रम अधिकारी सरोजिनीबाई म्हणाल्या, "अच्युतराव, मामा थकलाय हो. संक्रांतीनंतर वरचे लोक ऐकणार आहेत. तोवर काही जमलं नाही, तर बंद."

मामा गेला तर माझ्यापाशी उरणार काय होतं?

पुढच्या शुक्रवारी गणपत मला बघून हसतच सुटला. "काय तां बोललात काल! हसान हसान पोटात दुखाक लागला."

त्यानं सांगितलेली गोष्ट अशी: मामा गावी जातो. तिथे गिरणीचा भोंगा नसल्यामुळे त्याला जागच येत नाही, म्हणून तो जावयाला पहाटे उठून शंख फुंकायला लावतो.

गोष्ट झकास होती. फक्त मी ती बोललो नव्हतो. आदल्या दिवशी मी पाणीटंचाईवर रटाळ बडबड केली होती.

गणपत कुठलं तरी नाटक ऐकून गोंधळला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. आणि दुसऱ्या गुरुवारी ती गोष्ट मीच लिहून बोललो. सरोजिनीबाई काचेपलीकडे डोळे पुसत होत्या. पत्रांचा पाऊस पडला. शुक्रवारी लालबागला मात्र कुणी शंखाचं नावही काढलं नाही. तिथे सगळे कालच्या, म्हणजे मी अजून न बोललेल्या, एका नव्याच गोष्टीवर हसत होते.

मग तेच चालू झालं. चाळ आज जे ऐके, ते मी पुढच्या गुरुवारी बोले. पटणारी गोष्ट नव्हती, पण मामा जगत होता. मी खोलात शिरलो नाही.

जानेवारीत संक्रांतीच्या आदल्या दिवशी गेलो, तेव्हा कुणीच हसत नव्हतं. गणपतची बायको शेवंती गॅलरीत उभी होती.

"आमच्या माणसाचा नाव कशाक घेतलात?" ती म्हणाली.

"मी काय म्हणालो?"

"गणपत चाय अर्धी ठेवून खाली गेलो, तो परत इलोच नाय, असा. अख्खी चाळ रडली."

गणपत हसला. "गो, लालबागात गणपत काय एकच हा?"

मी तसाच जिना उतरलो.

त्या आठवड्यात मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला. लालबाग-परळच्या बातम्या ऐकवत नव्हत्या. गुरुवार उजाडला. वरचे लोक आज ऐकणार होते. अर्ध्या चहाची ती गोष्ट माझ्या डोक्यात पूर्ण तयार होती. आयुष्यात इतकं चांगलं मला कधी सुचलं नव्हतं.

बोललो तर खरं होईल, या भीतीनं मी ती ना मंजुरीला दिली, ना बोललो. तिळगुळावर काहीतरी नीरस वाचलं. मामाचा आवाज लावला, पण तो आलाच नाही. माझाच कोरडा आवाज ऐकत मी पानं संपवली.

सरोजिनीबाई एवढंच म्हणाल्या, "संपलं, अच्युतराव."

ट्राम बंद होत्या. गल्लीबोळांतून, पोलीस चुकवत, मी चालत लालबाग गाठलं.

गणपत दारातच उभा होता. धडधाकट!

मी त्याला मिठीच मारली. तो मात्र लाकडासारखा ताठ होता. माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मग आतल्या रेडिओकडे.

कार्यक्रम संपून दीड-दोन तास झाले होते.

रेडिओवर मामा बोलत होता.

तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझाच, पण माझ्यापेक्षा कितीतरी भरलेला.

"आज कोठाऱ्यांनी माझं तोंड दाबून धरलं हो," मामा म्हणाला. "म्हटलं, बघू त्यांच्यावाचून जमतंय का."

खोली खदखदून हसली.

मी ओरडलो, "बंद करा तो!"

कुणी वळलं नाही. गणपतनं तोंडावर बोट ठेवलं. "गप रवा. मामा बोलतत."

पुढच्या गुरुवारी मी घरीच बसून राहिलो. केंद्रावर जायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी माझी बायको उर्मिला हिनं रेडिओ लावला. शेजारच्या दुर्गाकाकू ऐकायला आल्या होत्या.

मामा बहरात होता. इतकं ताजं, इतकं नवं मी ऐन उमेदीतही बोललो नव्हतो. उर्मिला हसून हसून दमली.

"अच्युतरावांना आताशा किती छान सुचतं गं," काकू म्हणाल्या.

"नाहीतर काय! आज निघताना शीळ घालत होते."

मी म्हणालो, "उर्मिला."

तिनं घडी घातलेले कपडे उचलले, माझ्या खुर्चीपाशी आली, आणि रिकाम्या खुर्चीत ठेवावी तशी ती चळत माझ्या मांडीवर ठेवून चहा टाकायला आत गेली.