आल्बर्ट कधी उशिरा येत नाही

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, लीड्सच्या बसथांब्यावर, डेरेकला ती दिसली. काळा झगा, काळे बूट, डोळ्यांत मुठीने घातल्यासारखं काजळ आणि साखरेच्या पाण्याने ताठ उभे केलेले केस. थांब्याचं छप्पर गळत होतं. केस खाली बसत चालले होते आणि साखरेचा एक ओघळ तिच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन अडला होता.

"पूस ते," रुमाल पुढे करत डेरेक म्हणाला. "मुंग्या लागतील."

"लागू देत. त्यांना तरी मी गोड वाटेन."

डेरेकने छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. "साबण लावून बघ. थोडा फेस येतो, पण केस बसत नाहीत."

"अनुभवाचे बोल दिसतायत," त्याच्या काळ्या रंगवलेल्या केसांकडे बघत ती म्हणाली. तिचं नाव लॉर्ना. ती बँडमध्ये बास गिटार वाजवायची आणि गायची.

"मी ड्रम वाजवतो," डेरेक छाती काढून म्हणाला. "तुम्हाला कुणी हवंय का?"

"छे, आल्बर्ट आहे ना आमचा. कधी उशिरा येत नाही, बिअर मागत नाही, उलटून बोलत नाही. झोपायलासुद्धा माझ्याच खोलीत असतो."

डेरेकचं तोंड एवढंसं झालं. छत्री मात्र त्याने हलवली नाही; त्याचाच खांदा भिजत राहिला.

"आज संध्याकाळी ये ना... समोरच्या पबच्या मागच्या खोलीत," ती म्हणाली. "आज जमलं तर मालक दर गुरुवारची संध्याकाळ आम्हाला वाजवायला देणार आहे. नाही जमलं तर बँड मोडला, आणि मी बिस्किटांच्या कारखान्यात."

तो गेला. खरं सांगायचं तर आल्बर्टला बघायला गेला.

खोलीत धूर इतका सोडला होता, की शेजारचा माणूस दिसेना. आणि मग लॉर्नाचा बास सुरू झाला. पंक बँडवाल्यांचा आरडाओरडा डेरेकने खूप ऐकला होता. हे वेगळंच होतं. बास पुढे चालत होता, गिटार लांबून घुमत होती, तिचा खोल आवाज थेट छातीत उतरत होता. कारखाने बंद पडत चाललेल्या त्या उदास गावाला कुणीतरी पहिल्यांदाच सुंदर म्हणत होतं. डेरेकच्या अंगावर काटा आला. आणि खाली तो ठोका... न चुकणारा, न दमणारा. आल्बर्ट! आता मात्र त्याला राहवेना. धुरातून वाट काढत तो पुढे सरकला, आणि त्याचा पाय वायरीत अडकला.

ठोका थांबला.

समोर खुर्चीवर एक काळी पेटी होती. तिच्यावर चहाच्या किटलीची लोकरी टोपी घातलेली. हा आल्बर्ट! माणूस नव्हेच, ड्रमचा ठोका देणारं यंत्र. वायर परत लावून उपयोग नव्हता. यंत्राला शिकवलेलं सगळं पुसलं गेलं होतं. लॉर्नाचा आवाज डळमळला.

डेरेकने जवळचं टेबल ओढलं आणि तळहातांनी तोच ठोका धरला. हात शिवशिवत होते, एखादी करामत दाखवावी म्हणून. त्याने दाखवली नाही. गाणं तिचं होतं. शेवटपर्यंत तो आल्बर्टसारखाच वाजवत राहिला.

मालकाने गुरुवार दिला.

"तू आल्बर्टला मारलंस," नंतर लॉर्ना त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या कानामागे साबणाचा फेस आला होता.

"मला वाटलं, तो तुझा... म्हणजे... बघायला आलो होतो, माझ्यापेक्षा काय जास्त आहे त्याच्यात."

"हे बघ, तुला बँडमध्ये घेणार नाही मी. आमचा आवाज आल्बर्टमुळेच आहे. त्याला परत शिकवू."

"बरोबर आहे तुझं. मीही हेच म्हणालो असतो."

"मग इतका वेळ थांबलास कशाला?"

डेरेकने रक्ताळलेले तळहात मागे लपवले. "तुझ्यासाठी. आवडतेस तू मला, लॉर्ना. बसथांब्यापासून."

तिने त्याचे हात पुढे ओढून नीट पाहिले, त्याचाच रुमाल बांधला आणि टोपीसकट आल्बर्टला त्याच्या कुशीत दिलं.

"घरापर्यंत सांभाळून ने. भिजला तर तुझी खैर नाही."

बाहेर पाऊस चालूच होता. छत्री या वेळी लॉर्नाने धरली. डेरेकचा खांदा कोरडाच राहिला. ती तितकी जवळून चालत होती.