हॉपच्या मळ्यातला पांढरा खांब

"टॅबी, हात बघू तुझे!" तिची मैत्रीण केझाया ओरडली.

खांबांवर चढवलेल्या हॉपच्या वेलांची, बिअरला कडवटपणा आणणारी फुलं तोडायला थॉर्नडेनची शाळा दरवर्षी सुट्टी द्यायची. सुट्टीभर पोरांचे हात चिकाने काळेकुट्ट! पण आज टॅबीचे तळवे चक्क पांढरे होते.

टॅबीने ते झटकन झग्याआड लपवले. चुना! गावच्या फुटबॉल क्लबचे चुना फासलेले गोलखांब नव्या हंगामासाठी शोधले तेव्हा नाहीसे झालेले निघाले आणि सगळं गाव तिच्या बाबांवर डोळे रोखून होतं. बाबा क्रिकेटच्या मैदानाची राखण करत. "हे लाथाडे माझं गवत मारतात!" असं ते फुटबॉलवाल्यांबद्दल चारचौघांत बोलून बसले होते. मैदान चर्चचं, म्हणून पाद्रीसाहेबांनी बजावलं होतं, उद्यापर्यंत खांब सापडले नाहीत तर काम गेलं आणि त्याबरोबर राहतं घरही.

'बाबांनीच तर इथे लपवले नसतील?' टॅबीच्या मनात आलं. आज सकाळीसुद्धा त्यांच्या बाहीला चुना होता. क्रिकेटच्या रेघांचाच ना तो?

"काय टॅबे," खांब उपटत ड्यूबरीकाका खिजवायला लागले, "बापाने खांब चुलीत घातले की काय?" फुटबॉलचे कप्तान ते. वेलासकट खांब उपटून पोरांपुढे आडवा टाकायचं कामही त्यांचंच.

ते पुढे सरकताच ती कुजबुजली, "केझे, हा खांब झाकून टाक ना!"

"झाकू कशाला?" केझायाने पानं बाजूला सारली. आत पांढरा रंग, शेंड्याला आडव्या दांडीऐवजी गोलाची फीत बांधायचा खिळा! "पण वेल बघ की वेडाबाई! बुडापासून वेटोळे घेत चढलाय. हा खांब वसंतात वेलासाठीच रोवलाय, मागून लपवलेला नाही!"

टॅबीचे डोळे चमकले. शेजारी फुलं तोडणाऱ्या मुलाला ती म्हणाली, "ऑबेड, पळ! पाद्रीसाहेबांना बोलाव. पण सांगू नकोस हं काही!"

पाद्रीसाहेब धापा टाकत आले. टॅबीने साळसूद चेहरा केला. "ड्यूबरीकाका, या रांगेतले खांब कुणी रोवले हो?"

"मीच! दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही!"

"आणि आणले कुठून?"

"खाणावळीच्या मागून. तिथेच तर हॉपचे सगळे खांब रचलेले..." काकांनी वळून आडव्या खांबाकडे पाहिलं.

"आणि गेल्या हिवाळ्यातल्या शेवटच्या सामन्यानंतर गोलखांब कुठे टेकवलेत?"

"तिथेच... खाणावळीच्या मागे," काका पुटपुटले. ऑबेडने पानं ओरबाडली. खिळा उन्हात लखलखला!

"ड्यूबरी!" पाद्रीसाहेब गरजले. "आपणच उचलायचं आणि आळ मात्र दुसऱ्यावर?" मग टोपी काढून ते टॅबीकडे वळले. "शाबास, पोरींनो! ऑबेड, तुझीही कमाल! टॅबी, तुझ्या वडिलांची माफी मी आत्ताच मागतो."

संध्याकाळपर्यंत उरलेले खांबही त्याच रांगेत मिळाले. माफी मागायला ड्यूबरीकाका स्वतः दारात आले. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "माझ्या गवतापासून लांब खेळा म्हणजे झालं!" टॅबी मात्र त्यांना घट्ट बिलगली. का, ते तिने कधीच सांगितलं नाही.

क्लब जेमतेम तीन हिवाळे टिकला. शेवटच्या सामन्यानंतर ड्यूबरीकाकांनीच खांब खांद्यावरून वाहून बाबांच्या दारात आणले.

"तुमच्याकडेच राहू देत," ते कान खाजवत म्हणाले. "माझा काही भरवसा नाही!"