बिनचाकाचं मशीन

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या दुकानात घडली, तीही भर दुपारी अडीच वाजता.

मी घड्याळजी. जुन्या घड्याळांची मशीन जमवायचं मला वेड आहे. ना डबी, ना काटे... नुसती चाकं, काचेच्या घुमटाखाली मांडलेली. बायको म्हणते, "उघड्या आतड्यांचं प्रदर्शन!"

त्यातलं एक बंद होतं. बॅलन्स नव्हता, म्हणजे मागेपुढे डुलणारं ते छोटं चाक.

सहा वर्षं कुणी न नेलेलं एक घड्याळ खणात पडून होतं. त्याचा बॅलन्स अगदी जुळत होता.

मला धंदा शिकवणारे मामा म्हणायचे, "गिऱ्हाईकाच्या घड्याळातला स्क्रूसुद्धा आपला नाही."

मी काढला. बसवला.

टिक... टिक...

काय आनंद झाला म्हणून सांगू!

त्या दुपारी शटर अर्धं ओढून डबा उघडला, तर समोर एक म्हातारी उभी. शटरखालून वाकून कधी आली, कळलंच नाही.

तिने थेट घुमटाला कान लावला.

"हे आमच्या ह्यांचं."

"आजी, ते विकायचं नाही."

"विकत कोण मागतंय? जागच्या जागी घाल, बाळा. आणि माझ्या मुलाला सांग, काढलं होतंस म्हणून."

पाणी घ्यायला वळलो...

आणि दुकान गप्प झालं.

भिंतीवरची सगळी घड्याळं बंद. फक्त घुमटाखालचं चालू.

मागे पाहिलं. कुणीच नव्हतं.

एकेक करून भिंत पुन्हा टिकटिकू लागली. मी मात्र डबा तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी एक माणूस जुनी पावती घेऊन आला.

"आई गेल्या आठवड्यात गेली. तिच्या चष्म्याच्या घरात सापडली ही. बाबांचं घड्याळ आहे का हो अजून?"

कसंबसं म्हटलं, "तासाभराने या."

बॅलन्स परत बसवला. घड्याळ चालू झालं. त्याने ते कानाला लावलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"काय झालं होतं याला?"

सांगायचं होतं. पण इतक्या वर्षांचं नाव... जीभ रेटेना.

"तेल वाळलं होतं," म्हणालो.

तो माझे आभार मानून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून रोज अडीचला घुमटाखालचं मशीन वाजतं. बॅलन्सची जागा रिकामी, एकही चाक हलत नाही. तरी...

टिक... टिक...

मी मोठ्याने म्हणतो, "परत दिलं, आजी." मग थांबतं.

आज अडीचला म्हटलं. थांबलं नाही.

घड्याळ नेताना त्या माणसाने पावतीवर आपला नंबर लिहून दिला होता. तीनदा फिरवला, तीनदा कापला. त्याच्याऐवजी तुम्हाला सांगतोय.

आता सात वाजलेत. अजून वाजतंय.