मधली जागा

"चंद्रावर निघालीस का?"

लेसियाने मान वर केली. बारीक पाऊस पडत होता. पेट्रोल पंपाच्या छपराखाली एक उंच माणूस कागदी पेल्यातली कॉफी पीत उभा होता आणि तिच्या गाडीकडे बघत होता. तसं त्याचं चुकत नव्हतं. तिच्या चिमुकल्या गाडीमागे मावशीने दिलेला कॅम्पर जोडलेला होता... चाकांवरचं घरच ते, आत पलंग, शेगडी, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. त्या ओझ्याने गाडीचं बूड खाली बसलं होतं आणि नाक वर गेलं होतं. पुढचे दिवे रस्ता सोडून ढगांवर पडले होते.

"तळ्यावर निघालेय," ती फणकाऱ्याने म्हणाली. "म्हणजे आज नाही, मेच्या तीन दिवसांच्या मोठ्या सुट्टीत. आज नुसतं बघतेय, ओढते का."

"मग? ओढते?"

लेसियाने गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "...नाही."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक होत होता. हे आपण कशाला बघतोय, असं तिला वाटलं, पण तोवर बघून झालं होतं.

त्याचं नाव आयव्हर. आयव्हर नेस्टेगार्ड. हिवाळ्यात मेदोव्यात आला आणि ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला लागला. ज्या गावात प्रत्येकाचा आजा प्रत्येकाच्या आज्याला ओळखत होता, तिथे तो अजून 'तो नवा' होता. लेसिया डुचाक मात्र इथलीच. शाळेच्या बसमध्ये कुणी कुणाच्या केसांना च्युइंगम लावलं, इथपासूनचा गावाचा इतिहास तिला पाठ होता.

"तुला हाफ-टन हवा," आयव्हर म्हणाला.

"पिकअप ट्रक हवा इतकं मलाही कळतं. कुठला, ते कळत नाही."

"मी येतो ना बघायला." आणि मग स्वतःच्याच बोलण्याला दचकल्यासारखा अडखळला. "म्हणजे... तुला चालणार असेल तर. दुसरं कुणी असेल, तर—"

"दुसरं कुणी म्हणजे?"

"ट्रक बघायला."

"नाही," लेसिया म्हणाली. "ट्रक बघायलाही कुणी नाही."

त्यातला तो 'ही' आपण का घातला, हे तिला घरी पोचेपर्यंत उमगलं नाही. उमगल्यावर ती एकटीच गाडीत लाजली.

ट्रक तिला खरोखरच हवा होता. सहा तास उत्तरेला, जिथे रस्ता संपतो आणि तळी सुरू होतात, तिथे तिला उन्हाळाभराचं काम मिळालं होतं. लोकांना होडीतून फिरवायचं, वल्ही कशी धरायची ते शिकवायचं. तीन उन्हाळे अर्ज करून मिळालेलं काम. अट एकच होती... राहायची सोय आपली आपण आणायची. म्हणजे कॅम्पर मोठ्या सुट्टीत तिथे पोचला, तरच काम. नाही पोचला तर पुन्हा किराणा दुकानाचा गल्ला.

मिस्टर बोयको गावाबाहेरच्या हमरस्त्यावर ट्रक विकत. ठेंगणे, गोलमटोल आणि भलतेच चौकस. लेसिया आणि आयव्हर एकत्र आलेले पाहून त्यांनी आधी हिच्याकडे, मग त्याच्याकडे आणि मग पुन्हा हिच्याकडे पाहिलं. "काय दाखवू?" ते म्हणाले. तिघांच्याही मनात वेगवेगळं उत्तर असावं.

मग सुरू झाला गोंधळ. सहा सिलिंडर की आठ? मागचा हौदा आखूड की लांब? दोन दारं की चार? कॅम्पर जोडायचा मागचा दांडा असा की तसा? लाल ट्रक सुंदर होता, पण हौद्यात तिची होडी मावणार नाही, असं आयव्हर म्हणाला. काळा दमदार होता, पण चढावर तापेल, असंही तोच म्हणाला. हिरव्याबद्दल तो दहा मिनिटं बोलला, आणि शेवटी तो चांगला की वाईट ते लेसियाला कळलंच नाही.

"बरं, ह्याला हाफ-टन का म्हणायचं?" तिने वैतागून विचारलं. "अर्धा टन कुठाय ह्यात?"

"कुठेच नाही. पूर्वी तेवढा माल उचलायचा म्हणून म्हणायचे. आता त्याहून कितीतरी जास्त ओढतो. नाव तेवढं चिकटून राहिलंय."

"म्हणजे म्हणायचं एक आणि असायचं दुसरंच."

"बऱ्याच गोष्टींचं तसंच असतं," आयव्हर म्हणाला आणि उगाचच टायरला लाथ मारली.

मग त्याने तिला दार उघडून कडेची पिवळी चिठ्ठी दाखवली. "जाहिरातीतलं ऐकू नकोस, हे वाच. ट्रक अंगावर किती वागवू शकतो ते इथे असतं. कॅम्परचं नाक जे वजन टाकतं ते ह्यात धरायचं. होडी धरायची, बर्फाची पेटी धरायची. तू स्वतः. मी—"

"तू?"

"म्हणजे माणसं. जी कोण असतील ती."

"तुझं वजन माझ्या ट्रकमध्ये कशाला धरायचं?" लेसियाने अगदी साळसूदपणे विचारलं.

आयव्हरचे कान लाल झाले. मिस्टर बोयको दुसऱ्या ट्रकची काच पुसू लागले. ती काच आधीच स्वच्छ होती.

असे दोन आठवडे गेले. रोज संध्याकाळी शेड बंद झाली की आयव्हर यायचा, रोज एक ट्रक बघायचे, रोज त्याला त्यात खोट सापडायची, आणि मग दोघं हमरस्त्यावरच्या खानावळीत बटाट्याचं सारण भरलेली पिरोगी खात बसायची. पिरोगीवर कांदा जास्त घालून मागायचा, हे तो दुसऱ्याच दिवशी शिकला. हा माणूस ट्रकसाठी येतो की आपल्यासाठी, हा प्रश्न लेसिया रोज घरी घेऊन जायची. ट्रकसाठीच असावा. नाहीतर इतके दिवस कुणी फक्त दांड्यांबद्दल बोलतं का? पण मग निघताना तो गाडीच्या टपावर हात ठेवून थांबायचा, काहीतरी बोलेलसं वाटायचं, आणि बोलायचा काय, तर "उद्या आरसे बघू." कुणाचंही डोकं फिरेल.

आणि मग तो पांढरा ट्रक आला.

साधाच. ना चकाकी, ना मिजास. हौदा लांब, आरसे मोठे, कॅम्परचं नाक टेकलं तरी बूड जागचं हलत नव्हतं. पुढे दोन सुट्या खुर्च्यांऐवजी जुन्या पद्धतीचा सलग बाक. मधलं टेकण वर उचललं की तिसऱ्या माणसाला जागा. "चालवून बघा," मिस्टर बोयको म्हणाले आणि स्वतः खिडकीशी चढले. आयव्हर चालवायला बसला. उरली मधली जागा. लेसिया बसली. दुसरं करणार काय?

आता मेदोव्यात, आणि नुसत्या मेदोव्यातच नाही, त्या सगळ्या मुलखात ट्रकच्या पुढच्या बाकावर बाईने चालवणाऱ्याला खेटून मधे बसायचं, म्हणजे दोघांचं जमलं, झालं. कुणाला सांगावं लागत नाही, कुणी विचारत नाही. खिडकीशी बसलेली बाई बहीण असू शकते, शेजारीण असू शकते. मधे बसलेली फक्त एकच असते.

खिडकीशी मिस्टर बोयको होते, म्हणून लेसिया निर्धास्त होती. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता, पण त्याला जबाबदार मिस्टर बोयकोंचा घेर होता. मात्र किराणा दुकानाच्या कोपऱ्यावर ट्रक वळला आणि मिस्टर बोयकोंचा चष्मा पायाशी पडला. ते पट्टा सैल करून शोधायला वाकले. आधीच ठेंगणे, त्यात वाकलेले. बाहेरून पाहणाऱ्याला पांढरा ट्रक दिसला, आयव्हर दिसला, त्याला चिकटलेली लेसिया दिसली, आणि पलीकडे मोकळी खिडकी. नेमकी त्याच वेळी समोरच्या चर्चमधली रविवारची प्रार्थना सुटली होती. अर्धं गाव पायऱ्यांवर उभं होतं.

ती घरी पोचायच्या आत आईला तीन फोन आले होते.

"मला सांगितलं असतंस तर मी बीटचं सूप केलं असतं," आई डोळे पुसत म्हणाली. "उंच आहे ना गं? उंच आहे, असं कळलंय."

"आई, तसं काही नाही!"

"खिडकी मोकळी होती म्हणे."

"तिथे मिस्टर बोयको होते! वाकले होते!"

आई तोवर बीट सोलायला बसलीही होती.

सोमवारी ती शेडमध्ये गेली, दोघं मिळून हसू म्हणून. दारातच तिला आयव्हरचा आवाज ऐकू आला. कुणीतरी त्याचं अभिनंदन करत होतं आणि तो म्हणत होता, "नाही हो, तसं काही नाही. ट्रक बघत होतो."

अगदी तिचेच शब्द. तीही सगळ्यांना हेच सांगत होती. मग त्याने म्हटल्यावर इतकं का लागावं? लेसिया तिथूनच परत फिरली. आपल्याला राग आलाय की रडू, हे तिला ठरवता येईना. त्यात दुपारी मिस्टर बोयकोंचा फोन आला. पांढरा ट्रक विकला गेला.

मग ती आयव्हरला भेटली नाही. त्याचे फोन आले, तिने घेतले नाहीत. मोठी सुट्टी दोन दिवसांवर आली, तेव्हा ती एकटीच हमरस्त्यावर गेली. "काळा द्या," ती म्हणाली.

"काळा तुला आवडत नाही," मिस्टर बोयको म्हणाले.

"आवडीचं काय घेऊन बसलात? मला शनिवारी तळ्यावर पोचायचंय. नाही पोचले तर काम जाईल माझं."

मिस्टर बोयकोंचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "काम जाईल? हे मला कुणी सांगितलं नाही." आणि मग खाली बघत म्हणाले, "पोरी, पांढरा विकला नाहीये. मागच्या शेडमध्ये आहे."

"काय?"

"आयव्हरने सांगितलं, चार दिवस विकला म्हणा. मला वाटलं... तरुण मुलं, गंमत चाललीये. मीही तरुण होतो कधीतरी."

लेसियाने पांढऱ्याचे कागद मागितले. तासाभराने ती पांढरा ट्रक घेऊन बाहेर पडली, ती थेट ट्रॅक्टरच्या शेडसमोर थांबली. भोंगा इतका वेळ वाजवला की समोरच्या न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेला माणूस बाहेर आला.

आयव्हर हात पुसत आला. ट्रक पाहिला आणि जागीच थांबला.

"विकला गेला होता ना?" लेसिया काचेतून म्हणाली.

"लेसिया—"

"माझं काम गेलं असतं, आयव्हर! तीन वर्षं वाट बघितली मी त्याची. आणि तू ट्रक लपवून ठेवलास? का? लालमध्ये खोट, काळ्यात खोट, आणि ज्यात खोट सापडेना तो शेडमध्ये कोंडलास!"

"चुकलं माझं." त्याने मान खाली घातली. "आज संध्याकाळी तुझ्या घरी येऊन सांगणारच होतो. फोन तू घेत नव्हतीस. पण त्याने चूक लहान होत नाही, मला कळतं."

"का केलंस?"

पाऊस पुन्हा सुरू झाला होता. तो तसाच भिजत उभा राहिला.

"ट्रक ठरला असता तर माझं काम संपलं असतं," तो म्हणाला. "मग संध्याकाळी तुझ्याकडे यायला मी काय कारण काढणार होतो? लाल चांगला होता. काळाही चांगला होता. हिरव्याबद्दल मी काय बोललो ते मलाच आठवत नाही, कारण तू तेव्हा केस बांधत होतीस. मला तू आवडतेस, लेसिया. पंपावर गाडीचं नाक वर करून उभी होतीस, तेव्हापासून."

"मग लोकांना 'तसं काही नाही' कशाला सांगत सुटलास?"

"तू आधी सांगितलंस! त्या रविवारी ट्रकमधून उतरल्या उतरल्या मिस्टर बोयकोंना म्हणालीस, 'लोकांचा गैरसमज नको व्हायला.' मला वाटलं, तुला लाज वाटतेय... माझी."

लेसियाने डोळे मिटून घेतले. दोन आठवड्यांचा गुंता, आणि आत निघालं काय, तर दोन गाढवं. तिला खूप राग आला होता, तो अजून गेला नव्हता, आणि तरीही ह्या माणसाला घेतल्याशिवाय आपण इथून हलणार नाही, हे तिला अगदी स्वच्छ कळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी स्वच्छ कळलं होतं.

"मी तळ्यावर जाणार आहे," ती म्हणाली. "उन्हाळाभर. ते बदलणार नाही."

"बदलू नकोसच. मी दर शुक्रवारी येईन. सहा तास तर आहेत."

"आणि पुन्हा माझ्याशी खोटं बोललास तर?"

"तर मला कॅम्परखाली घाल."

"बस गाडीत."

तो धावत पलीकडे गेला, दार उघडून चढला आणि खिडकीशी अंग चोरून बसला. ओले हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिला.

"तिथे नाही," लेसिया म्हणाली.

त्याने बाकाच्या मधल्या जागेकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. "मी? मधे? लेसिया, मी सहा फूट तीन—"

"ट्रक माझा आहे. चालवतेय मी. मग मधे कोण बसणार?"

तो सरकला. पायांना जागाच नव्हती. गुडघे पार वर आले, मान तिरकी झाली, आणि मधला पट्टा शोधताना त्याचं कोपर तीनदा तिला लागलं. शेवटी तो तिच्या खांद्याला खांदा लावून बसला, ओलाचिंब, ग्रीसचा वास येत असलेला. लेसियाला हसू आवरेना.

किराणा दुकानाच्या कोपऱ्यावर चारपाच जणी पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक तिची आई होती. आईचा हात हवेतच थांबला.

"अगं, बघतायत सगळ्या," आयव्हर गुडघ्यांमागून पुटपुटला. "आता लोकांना काय सांगायचं?"

"काही नाही," लेसिया म्हणाली, आणि तिने गाडी मुद्दाम हळू केली.