ऑल्डरोची हजेरी

खिडकी लावून घे गं आधी. आणि कॅलम, तो हीटर इकडे सरकव जरा, एकट्या तुझ्याच पायांना थंडी वाजते का?

हां. आता तू, बाई. कॅनडाहून इतक्या लांब आलीस, 'ऑल्डरो' लिहिलेल्या गावाच्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढलास, चांगलं केलंस. आपलं आडनाव एखाद्या गावाला आहे म्हटल्यावर कुणालाही बरं वाटतं. दर उन्हाळ्यात येतात तुझ्यासारखी माणसं. कुणाच्या घराण्यात न्यायाधीश होऊन गेला, कुणाचे पणजोबा क्रिकेट खेळायचे. टास्मानियात म्हणे या नावाचा पूल आहे, शाळा आहे, भलंमोठं शहर आहे. सगळ्यांचं मूळ इथलं. आणि येऊन बघतात तर एक रस्ता, एक दुकान, आणि आमचा हा कॅरव्हॅनचा तळ. बाकीचं गाव समुद्राने नेलं.

फक्त एक कर. मघाशी दारात उभी राहून नवऱ्याला हाक मारलीस ना, मिस्टर ऑल्डरो म्हणून? थट्टेने मारलीस, कळलं मला. पण अंधार पडल्यावर हे नाव बाहेर ओरडून घेऊ नकोस.

हसू नकोस, बेथ. हेझल ऑल्डरोला तू ओळखायचीस. तुमच्या शाळेत स्वयंपाकाला होती ती. हो, तीच, भरपूर वाढायची ती. माझ्या शेजारच्या घरात राहायची, म्हाताऱ्या बापाबरोबर. ती गाव सोडून का गेली ते तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. मला तिने माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. तेही एकदाच.

तिचा बाप विल्फ. आयुष्यभर हल शहराच्या बंदरातून मासेमारीच्या जहाजांवर गेला. तिथे नावाने कोण हाक मारतो? आडनाव घेऊन ओरडायचं, आणि समोरच्याने 'हजर' म्हणून यायचं. म्हातारपणी त्याची आठवण गेली. आधी बायको मेल्याचं विसरला, मग हेझलला विसरला. तिला जहाजावरची आचारीणच समजायचा. "शेंगदाण्याएवढे बटाटे वाढतेस, मालकाने सांगितलंय का?" असं विचारायचा. शेवटी स्वतःचं विल्फ हे नावही गेलं. 'बाबा' म्हणा, 'विल्फ' म्हणा, ढिम्म. पण दरडावून 'ऑल्डरो!' म्हटलं की असेल तिथून ताडकन उठायचा. "हजर!"

हेझल म्हणायची, "अख्खं गाव माझ्या नावाचं, लेस, आणि बापाला जेवायला बोलवायचं तर मला जहाजावरचा मुकादम व्हावं लागतं."

तर, तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरातला दुसरा रविवार. लढाईत गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस, कोटाला कागदी लाल फुलं लावतो आपण, तो. सकाळी बस थांब्याजवळच्या दगडी खांबापाशी सगळे जमलो होतो. पूर्वी तो खांब चर्चच्या आवारात होता. चर्च कड्यावरून खाली गेलं तेव्हा आपल्या लोकांनी खांब तेवढा अलीकडे आणला. कबरी कोण आणणार? त्या गेल्या समुद्रात.

पाद्रीबाईंनी खांबावर कोरलेली नावं वाचायला घेतली. त्यातली निम्मी नावं ऑल्डरोच.

"ऑल्डरो, जॉर्ज."

"हजर!" विल्फ ओरडला.

"ऑल्डरो, टॉमस."

"हजर!"

हेझल लाजेने अर्धी झाली. बाही ओढत होती त्याची. पण पाद्रीबाई भल्या होत्या. प्रत्येक नावानंतर थांबायच्या, म्हाताऱ्याला ओ देऊ द्यायच्या, मग पुढचं नाव. शेवटी शेवटी कुणी हसेना.

नंतर मी त्याला म्हटलं, "काय विल्फ, सगळ्यांची हजेरी एकट्यानेच लावलीस?"

तो म्हणाला, "कुणीतरी लावायला नको? नाव घेतात आणि कोणी ओ देत नाही. बरं दिसतं का ते?"

संध्याकाळी घरातलं दूध संपलं. एवढंच निमित्त. बापाला टीव्हीसमोर बसवून हेझल दुकानात गेली. दुकान रस्त्याच्या टोकाला तर आहे. जाताना आभाळ चांगलं मोकळं होतं, येईपर्यंत समुद्रावरून धुकं आलं. इथलं धुकं तू बघितलं नाहीस अजून. येतं तेव्हा चालत येत नाही, कुणीतरी अंगावर पांघरूण टाकावं तसं येतं.

घराचं दार सताड उघडं. टीव्ही चालू. खुर्ची रिकामी. बूट दाराशी, कोट खुंटीला.

ती माझ्याकडे धावत आली. आम्ही पोलिसांना फोन केला. किनाऱ्याच्या बचाव पथकाला कळवतो म्हणाले, पण धुक्यामुळे वेळ लागेल, तुम्ही कड्याकडे जाऊ नका. न जाऊन कसं चालेल? म्हातारा पायमोज्यांवर बाहेर, त्या थंडीत. मी म्हटलं, "मी बस थांब्याकडे बघतो. मी बस चालवायचो तेव्हा जहाजावर जायला तो तिथेच उभा असायचा." ती म्हणाली, "मी चर्च रोडने जाते." तिचा फोन तिच्याच घरी टेबलावर राहिला होता. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

चर्च रोड तुम्हाला माहीत आहे. सरळ समुद्राकडे जातो आणि मधेच तुटतो. कुंपण, लाल पाटी, पुढे दोन-तीन पावलं माती, आणि मग काही नाही. खाली खूप खोल पाणी.

आता इथून पुढचं तिने सांगितलेलं.

टॉर्चचा काही उपयोग नव्हता. उजेड हातभर जायचा आणि पांढरी भिंत व्हायची. तिने 'बाबा' म्हणून हाका मारल्या. 'विल्फ' म्हणून मारल्या. खालून लाटांचा आवाज तेवढा. घसा बसत आला. आईला शेवटी वचन दिलं होतं तिने, याला मी कधी एकटं सोडणार नाही म्हणून. आणि दुधासाठी सोडलं. रडू येत होतं, पण रडलं तर ऐकू येणार नाही, म्हणून तेही दाबलं.

मग ती मुकादमासारखी ओरडली.

"ऑल्डरोऽऽ!"

"हजर!"

समोरून. कुंपणाच्या बाजूने. तिच्या जिवात जीव आला. धावली ती. "तिथेच थांबा बाबा! हलू नका!" आणि दिशा कळावी म्हणून पुन्हा ओरडली, "ऑल्डरो!"

"हजर!"

या वेळी डावीकडून. आणि आवाज… तरुण माणसाचा.

ती थांबली. कुणीतरी पोरगं चेष्टा करतंय, असं वाटलं. "कोण आहे रे तिकडे? माझा म्हातारा हरवलाय, मस्करी सुचते तुला?"

तिने परत हाक मारली, या वेळी दबकत.

"ऑल्डरो…"

"हजर." उजवीकडून. बाईचा आवाज.

"हजर." तिच्या मागून.

"हजर!" खालून. खालून कुठून तरी. लहान मूल होतं ते.

मग सगळीकडून. एकामागून एक. घाईघाईने, जसं काही आपली ओ राहून जाईल. सगळ्यांची बोली आपल्याच गावची. हेझल म्हणाली, "लेस, त्यांच्यात राग नव्हता. तेच वाईट होतं. किती आनंद झाला होता त्यांना. नाव घेतलं म्हणून."

आवाज थांबले. वाट बघत असल्यासारखे.

तुम्ही काय केलं असतं? पळाला असता. मीही पळालो असतो. पण तिचा बाप त्यांच्यात होता. पहिला आवाज त्याचाच, अशी तिची खात्री होती. आणि शोधायला हाक एकच. तीच हाक. ती मारली की सगळे ओ देणार.

तिने मारली. परत मारली. कान लावून ऐकत राहिली, कुठला आवाज बाबांचा. इतक्या आवाजांत तिला आपल्या बापाचा आवाज ओळखता येईना. याची तिला जास्त भीती वाटली, म्हणाली.

कुंपण हाताला लागलं. ते ओलांडताना टॉर्च पडला. विझला. आता स्वतःचा हातही दिसेना.

ती चालत राहिली. पायांखाली चिखल लागायला हवा होता. लागला दगड. पक्का, नीट बसवलेला, पूर्वी चर्चच्या आवारात होता तसा. तिला वाटलं, नशीब, घसरणार नाही.

मग तिला काय सुचलं कोण जाणे. स्वयंपाकघरातून विचारावं तसं तिने विचारलं,

"चहा कुणाला हवाय?"

शांत.

…सगळं शांत.

लाटासुद्धा.

मग अगदी जवळून, हाताच्या अंतरावरून, कुणीतरी म्हणालं,

"मला… मला चालेल."

म्हाताऱ्याचा आवाज. थरथरता. चहाला कधीच नाही न म्हणणारा. ती त्या आवाजाकडे झेपावली, हात धरला. बर्फासारखा हात. ओला.

"बाबा! अहो, काय हे! पायांत काही नाही, अंगावर काही नाही…"

"गार आहे गं फार."

"असणारच. चला. घरी चला."

"मी येऊ?"

"येऊ म्हणजे? तुमचंच घर आहे ना?"

तो चालायला लागला. तिच्या अर्धं पाऊल मागून. ती वाटभर बोलत होती. रागावली, रडली, उद्यापासून दाराला दुसरी कडी लावते म्हणाली. त्याने हात घट्ट धरलेला. लहान पोर जत्रेत धरतं तसा.

आपल्या गल्लीतले दिवे अंधुक दिसायला लागले. घर दिसलं. फाटक दिसलं. खिडकीत उजेड होता, पडदा उघडा होता.

आत मी होतो. खाली वाकून विल्फच्या पायांत कोरडे मोजे घालत होतो.

विल्फ खुर्चीत होता. गुडघ्यांवर शाल. मला तो बस थांब्यावरच सापडला होता, टोपी घालून हलच्या बसची वाट बघत. "उशीर केलास लेकाच्या, जहाज सुटेल माझं," म्हणाला. मी हेझलला दोनदा फोन लावला. फोन टेबलावर वाजला.

आता यातलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

मी मान वर केली तर ती फाटकात उभी. खिडकीतून आमच्याकडे बघत. चेहरा राखेसारखा. उजवा हात मागे, धुक्यात. कुणाला तरी धरून ठेवल्यासारखा.

मी दार उघडलं. "हेझल! सापडला गं! कधीचा आणलाय मी त्याला. ये आत!"

ती हलेना.

"हेझल?"

"लेस…" ओठ हलत होते नुसते. "लेस, माझ्या मागे कोण आहे?"

मला दिसलं नाही. धुकं होतं. देवाशपथ, धुकंच होतं. पण तिची बाही ओढली जात होती. हळूच. आत जाऊ या ना, म्हणावं तशी. पुढच्या बाजूला. घराकडे.

"सोड हात," मी म्हणालो.

"मी सोडलाय," ती म्हणाली. "मी केव्हाच सोडलाय."

माझी पाठ दाराला लागली. आणि मागे खुर्ची करकरली.

विल्फ उठला होता. शाल खाली पडली. माझ्या शेजारून दारात आला. इतकी वर्षं मी त्याला ओळखत होतो, तो असा ताठ उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता. हेझलकडे त्याने पाहिलंच नाही. तिच्या मागे पाहिलं. आणि जहाजावर ऐकू जावा असा आवाज काढला.

"ऑल्डरो!"

…

आम्ही सगळ्यांनीच ऐकलं ते. अगदी हळू.

"हजर."

विल्फने आवाज खाली आणला.

"पाळी संपली, दोस्ता. लागली तुझी हजेरी. जा आता. झोप."

हेझलचा हात खाली पडला. एकदम. आणि ती तिथेच बसली, ओल्या फरशीवर.

विल्फने तिला हाताला धरून उठवलं. "हेझल," म्हणाला, "बाळा, थंडीत काय बसतेस?" दोन वर्षांत पहिल्यांदा नावाने हाक मारली त्याने तिला. शेवटचीच. सकाळी ती पुन्हा आचारीण झाली होती.

वसंतात तो गेला. झोपेतच. हेझलने त्याला इथे पुरलं नाही, लांब आतल्या गावात नेलं, जिथून समुद्राचा आवाज येत नाही. मग घर बंद केलं. आता ती आईचं माहेरचं आडनाव लावते. पत्रपेटीवरही तेच आहे. मी जातो कधीतरी. चहा देते. त्या रात्रीबद्दल बोलत नाही.

दुसऱ्या दिवशीचं मात्र तिला मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

सोमवारी सकाळी धुकं उठलं. टॉर्च आणायला म्हणून मी चर्च रोडने गेलो. कुंपणाच्या पलीकडे ओल्या मातीत हेझलच्या बुटांचे ठसे होते. टाचेवरची ती चंद्रकोरीसारखी खूण, मी ओळखतो ते बूट. ठसे सरळ कड्यापर्यंत गेलेले. मी पोटावर पडून पुढे सरकलो आणि पाहिलं. शेवटचा ठसा अर्धाच होता. टाच मातीत. चवडा हवेत.

तिथे ती वळली नव्हती. अडखळली नव्हती. पाऊल पुढे पडलं होतं.

आणि हातभर डावीकडे, त्याच कडेवरून, तेच बूट परत आले होते. परतीचा पहिला ठसा पण अर्धाच. फक्त चवडा.