पिवळी ओळ

विद्याधर सरांचा कॉम्प्युटर क्लास आगाशीच्या बाजारात, केळ्यांच्या वखारीच्या माडीवर होता. फळ्यावर प्रोग्राम लिहिताना सर रंगीत खडू वापरत. हुकमाचे शब्द निळे, स्वतःच्या टिपा हिरव्या, अवतरणातला मजकूर लाल. पिवळा फक्त चुकीसाठी. ओरडणं नाही, टोमणा नाही. चुकलेल्या ओळीवर पिवळा खडू फिरवायचे आणि चहाला निघून जायचे. असा मास्तर दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

२००१ साली सर गेले. त्यांच्या हातचे प्रोग्राम एकाच फ्लॉपीवर उरले, बाकीच्या बुरशीनं खाल्ल्या. ते सारे सरांच्याच रंगांत वेबपानांवर उतरवायला त्यांच्या विद्यार्थिनीनं, उन्नतीनं, एक प्रोग्राम लिहिला. त्यात निळा, हिरवा आणि लाल होता. पिवळा तिनं घातलाच नाही. यंत्राला शब्द ओळखायला शिकवता येतं, चूक ओळखायला कसं शिकवणार?

उन्नती आता क्लासच्या त्याच माडीवर काम करायची. भर दुपारी सरांच्या पत्नी प्रेमलताकाकू फ्लॉपी घेऊन तिथे आल्या.

“जप हं. यांचं एवढंच उरलंय.”

“आधी माझाच प्रोग्राम रंगवून बघते, काकू. मग सरांचे.”

पान उघडलं. काकूंचे डोळे भरून आले. “अगंबाई, अगदी यांचा फळा!”

उन्नती मात्र पडद्याकडे वाकली. खालून पिकत्या केळ्यांचा वास नेहमीच यायचा. आज त्यात खडूचा वास होता. फळा तर केव्हाच काढून टाकलेला...

पानाच्या मधोमध तिच्याच प्रोग्रामची एक ओळ पिवळी होती.

“काकू... हा रंग मी दिलेला नाही.”

“मग वाच ना...” काकू हळूच म्हणाल्या. “यांनी पिवळं केलं की आधी वाचायचं.”

उन्नतीनं वाचलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या ओळीनं रंगवलेलं प्रत्येक पान मूळ फाइलच्याच नावानं फ्लॉपीवर लिहिलं असतं. सरांचे प्रोग्राम एकेक करून पुसले गेले असते. तिला भीती वाटली, पण त्याहून जास्त ऊर भरून आला. गेल्यावरही शिकवणं न सोडणारा माणूस!

तिनं ओळ सुधारली. त्याच क्षणी लाकडी जिन्यावर पावलं वाजली... सावकाश खाली उतरत गेली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

संध्याकाळपर्यंत सरांचे सगळे प्रोग्राम रंगून झाले. मूळ फ्लॉपी शाबूत होती. उन्नतीनं मॉनिटर बंद केला.

काळ्या काचेवर, मधोमध, एक पिवळा फराटा तसाच होता. तिनं बोट लावलं.

बोटाला खडू लागला.